झडतीला टाळ्या

मोहखेड्याला कोणी चांगलं गाव म्हटलं, तर समजावं की तो माणूस तिथं एक रात्रही राहिलेला नाही. रिठदच्या पुढं, डांबरी सडक संपून मुरूम लागतो तिथलं हे गाव. इथली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत असं नाही. बोलतात, भरपूर बोलतात, पण फक्त आपल्या माणसाला. परक्याला मात्र खुर्ची, चहा, "बसा ना साहेब", आणि त्याची पाठ फिरली की पोट दुखेपर्यंत टिंगल. योरीसला या चहाचा लहानपणापासून वीट आलेला होता.

योरीस म्हणजे बोरवाल्या साहेबाचा पोरगा. बहात्तरच्या दुष्काळानंतर बेल्जियमहून कुठलीशी संस्था या भागात बोअर पाडायला आली, तिच्या गाडीवर हेंद्रिक नावाचा एक मेकॅनिक होता. संस्था गेली, गाडी गेली, हेंद्रिक राहिला. काहून राहिला, हे गावानं त्याला कधी विचारलं नाही, आपसात मात्र तिकडं खून करून आला असेल इथपर्यंत मजल नेली. पुढं तो जाऊन बायकोला घेऊन आला. तिचं नाव गोदलीव. गावानं ते दोन दिवसांत गोदाबाई करून टाकलं, आणि त्या बाईनंही निमूटपणे ते नेसून घेतलं. ती गावातल्या पोरींना शिलाई शिकवायची. हेंद्रिक तालुक्यातली इंजिनं, पंप, चक्क्या दुरुस्त करत हिंडायचा आणि मजुरी म्हणून बहुतेक वेळा ज्वारी घेऊन यायचा.

हेंद्रिकनं मोहखेड्यात चार बोअर पाडले होते. तीन बोअरना पाणी लागलं. चौथा मारुतीच्या पुढ्यात, आखरावर, म्हणजे जिथं सारा गाव पोळ्याला जमतो तिथं. त्यातून निघाला नुसता फुफाटा. गाव अजूनही त्या तीन बोअरचं पाणी पितं आणि चौथ्यावर हसतं. पण हेंद्रिकच्या समोर, किंवा त्याच्या माघारी योरीसच्या समोर, त्या कोरड्या बोअरचं नाव कोणी काढलं नाही. योरीस जवळ आला की गप्पांचा विषय बदलायचा. त्याला ते दुरूनच कळायचं.

शाळेतही तेच. पाढे चुकले की मास्तर पोट्ट्यांना निंबाच्या फोकानं झोडपायचे. योरीस मुद्दाम चुकला, सतरा साती काहीच्या काही सांगितलं, हात पुढं केला. मास्तर म्हणाले, "बस बाळा, होते असं." बाकीचे पोट्टे चोळलेले तळवे एकमेकांना दाखवत हसत होते, आणि हा आपला गोरा, कोरा तळहात घेऊन बाकावर बसला. घरी येऊन रडला. गोदाबाईला वाटलं पोराला मारलं. नाही मारलं म्हणून रडतो आहे, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही.

मोठा झाल्यावर एकदा तो बापाच्या मुलखात जाऊन आला. तिथले चुलतभाऊ त्याला इंडियन म्हणायचे आणि जेवताना म्हणायचे, हातानं खाऊन दाखव. त्यानं दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. थंडी सरायच्या आत तो परत आला. मग रिसोडला पंक्चरचं दुकान टाकलं, ते बुडालं. मंगरूळपीरच्या मळ्यांतून भाजीपाला उचलून वाशीमच्या बाजारात न्यायला टेम्पो चालवला, तो बरा चालला. त्याच मळ्यांतल्या एकात सांबार, म्हणजे कोथिंबीर, खुडणारी अंजू त्याला भेटली. तिचा बाप म्हणाला, "पोट्टा गोरा हाये, कामाचा हाये, सारं खरं. वावर किती हाये?" वावर तर वीतभर नव्हतं. तरी लग्न झालं. कारण अंजूनं ठरवलं होतं, आणि अंजूनं ठरवल्यावर बापाच्या प्रश्नाला उत्तर द्यायची कोणाला गरज पडत नाही.

मग जगदेव आला त्याच्या आयुष्यात. जगदेव म्हणजे गावचा शेवटचा घाणेवाला. बैलाच्या लाकडी घाण्यावर करडई, जवस, तीळ गाळायचा. त्याचा पोरगा पुण्यात कंपनीत लागला आणि घाण्याकडं तोंड वळवून बघेना. योरीस सहज बघायला गेला, उखळात फिरणाऱ्या लाकडी लाटेला हात लावला, आणि जगदेव खेकसला, "हात काढ भैताडा! तुह्या बापाचा पंप हाये का हा?"

योरीसला जन्मात कोणी एवढं गोड बोललं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी परत गेला. मग रोजच. जगदेवनं त्याला शिव्या घालून घालून धंदा शिकवला. ओल किती ठेवायची, बैल कधी बदलायचा, पेंड कधी उकरायची. जगदेवची बायको गोजराबाई नवऱ्यापेक्षा चार पावलं पुढं. तिनं त्याचं नाव योऱ्या ठेवलं. सारं गाव योरीसभाऊ, योरीसदादा म्हणायचं. योऱ्या म्हणणारी माणसं दोनच. त्यातला जगदेव गेला, राहिली ही म्हातारी.

जाताना जगदेवनं घाणा योरीसला दिला, आणि घाण्याबरोबर पोळ्यातली जागा. मोहखेड्यात पोळ्याच्या रांगेतल्या जागा वाडवडिलांपासून ठरलेल्या आहेत. घाणेवाल्याची जोडी तोरणापासून, म्हणजे आखरावर आडव्या बांधलेल्या पानांच्या दोरापासून, तिसरी, कारण मारुतीच्या दिव्याला तेल त्याच्या घरचं. नियम एकच आणि तो कडक आहे. तोरण तुटताना कासरा मालकाच्या, त्याच्या पोराच्या नाहीतर गड्याच्या हातात पाहिजे, दुसऱ्या घरच्या माणसाच्या नाही. नसला, तर मागची जोडी पुढं सरकते आणि गेलेली जागा परत मिळत नाही. घाणेवाल्याच्या घरची आणखी एक रीत होती. घाण्याचा बैल वर्षभर डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरतो. पोळ्याच्या दिवशी त्याला झापड बांधूनच आखरावर आणायचं आणि तोरणाखाली, साऱ्या गावासमोर, मालकानं ते काढायचं. गोजराबाईनं योरीसला स्वच्छ सांगितलं होतं, "घाणा विक, मोड, जाळ. माह्या बुढ्याची जागा गेली तं तुले उंबऱ्यात उभं नाई करीन."

योरीसनं घाणा विकला नाही, जाळला नाही. त्यानं तो वाढवला. पहाटे उठायचा, बैलाआधी स्वतः चहा न पिता कामाला लागायचा, दुपारी डबे भरायचा, संध्याकाळी एसटीत डबे टाकून वाशीमला पोचवायचा. आता अकोल्यापर्यंतच्या डॉक्टरीणबाया त्याचं करडीचं तेल नेतात. गाड्या घेऊन येतात, बैलासोबत फोटो काढतात, आणि एक तर म्हणाली, "हे बेल्जियन टेक्नॉलॉजी आहे ना?" बाभळीचं उखळ, रिसोडच्या मुनाफ सुतारानं घडवलेली लाट, लाल्या आणि मुंग्या नावाचे दोन बैल. बेल्जियन टेक्नॉलॉजी! योरीस म्हणाला, "हो बाई, शेण तेवढं लोकल हाये."

तर अशा या माणसाकडं, पोळा आठवड्यावर आला असताना, सतीश आला.

सतीशचं गावात खताबियाण्यांचं दुकान आहे, आणि दुकानापेक्षा मोठं त्याचं बॅनर आहे. त्याला जिल्हा परिषद लढवायची आहे. घरी दोन ट्रॅक्टर, गोठ्यात मोटारसायकली. बैलाचं शेण त्यानं शेवटचं कधी पाहिलं ते त्यालाही आठवायचं नाही. पण पोळ्याला बैल लागतो, कारण बैलाशिवाय रील बनत नाही. म्हणून तो दरवर्षी कामरगावाकडून एक पांढरीशुभ्र जोडी भाड्यानं आणतो. रांगेत तिची जागा चौथी. म्हणजे योरीसच्या बरोबर मागं.

"योरीससाहेब," सतीश म्हणाला. "यंदा पोळा जोरदार करून राह्यलो आपण. स्टेज, डीजे, ड्रोन. तुमी आपले प्रमुख पाहुणे."

"मी कायचा पाहुणा? मी तं रांगेत उभा राह्यतो."

"रांग कुठं पळून चालली? धा मिनटं स्टेजवर बसा. शाल घ्या, दोन शब्द बोला, उतरा अन् कासरा धरा. तोवर तुमच्या पुढचा शालिकराम पाहीन ना तुमचे बैल." सतीश जरा जवळ सरकला. "अन् साहेब, बोरवाल्या बाबांच्या स्मरणार्थ ठेवून राह्यलो कार्यक्रम. गावानं त्यायच्यासाठी काहीच नाई केलं आजवर. लाज वाटते आमाले."

इथं योरीस फसला. बाकी कशानं फसला नसता. शाल त्याला नको होती, नारळ तर घरात पडून होते. पण हेंद्रिकचं नाव भोंग्यावरून, आखरावर, त्या कोरड्या बोअरपाशी, आदरानं घेतलं जाणार, हे ऐकलं आणि पंचेचाळिशीतला हा गडी लहान पोरासारखा हरखला. हो म्हणाला.

अंजूनं ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर आपटली.

"अवो, तुमाले काई समजते का नाई? त्याची जोडी तुमच्या मांगं उभी हाये. तुमी खुर्चीवर बसान, तोरण तुटन, अन् त्याची जोडी तिसरी होईन. हे शेंबड्या पोराले कळते."

"धा मिनटाचं काम हाये अंजू. बाबाचं नाव घेणार हाये थो."

"थो आपल्या बापाचं नाव घेत नाई, तुमच्या बापाचं घेते व्हय?"

गोजराबाईला सांगायची योरीसची हिंमत झाली नाही. खांदमळणीच्या संध्याकाळी म्हातारी नेहमीप्रमाणं आली, तूप-हळद घेऊन. दोघांनी मिळून लाल्या-मुंग्याचे खांदे मळले. म्हातारी बैलांच्या कानाशी लागून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मग योरीसकडं वळून म्हणाली, "तुह्या हाताले जोर हाये का नाई रे योऱ्या? खांदा मळून राह्यला का पापड लाटून राह्यला?" एरवी यावर तो खूश झाला असता. त्या दिवशी त्याला तिच्या तोंडाकडं बघवेना.

पोळ्याच्या दिवशी आखर भरून गेला. पूर्वी ही रांग पार ओढ्यापर्यंत जायची. आता जोड्या मूठभर आणि मोबाईल ढीगभर. तरी ज्या होत्या त्या सजल्या होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळावर बाशिंगं. लाल्या आणि मुंग्या डोळ्यांवर झापडं लावून तिसऱ्या जागी उभे. त्यांचा कासरा शालिकरामच्या हातात. शालिकराम दुसऱ्या जागेचा मालक, त्याची स्वतःची जोडी पोरगा अंकुर धरून होता. मागं सतीशची भाड्याची जोडी डीजेला बुजून पाय आपटत होती, आणि तिला आवरायला भाड्याचाच एक गडी होता. बाया आरतीची ताटं घेऊन मारुतीच्या ओट्यावर. त्यांच्यात पुढं गोजराबाई. तिनं स्टेजवर बसलेल्या योरीसकडं पाहिलं, मग शालिकरामच्या हातातल्या कासऱ्याकडं पाहिलं, आणि तिचं तोंड मिटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

स्टेज नेमकं कोरड्या बोअरवर बांधलं होतं. मागं बॅनर. त्यावर सतीश हात जोडून, बैलाएवढा मोठा, आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढा योरीस. खाली लिहिलेलं, 'विदेशी पाहुणे मा. योरीससाहेब (बेल्जियम)'. हेंद्रिकचं नाव बॅनरवर नव्हतं. योरीसनं ते दोनदा वाचलं. त्याला वाटलं, भाषणात घेईल.

भाषण सुरू झालं. सतीशनं बळीराजापासून सुरुवात केली, आणि ड्रोन डोक्यावर आला की वाक्य पुन्हा म्हणायचा. दहा मिनिटं गेली, आणखी तेवढीच गेली. मारुतीला नारळ फुटला. कोतवाल तोरणाच्या दोराशी जाऊन उभा राहिला. सतीश बोलतच होता. "आज आपल्यात सातासमुद्रापारचे एक साहेब आहेत. आपल्या संस्कृतीच्या प्रेमात पडून ते इथं आले. एवढ्याशा काळात आपली भाषा बऱ्यापैकी शिकले. विदेशी माणसाला जे कळतं ते आपल्या पोरांना कळत नाही, ही शोकांतिका आहे!"

इथं आले? योरीस वाशीमच्या सरकारी दवाखान्यात जन्मला होता. याच आखरावर तो रांगायला शिकला, याच बोअरच्या पाइपात गोट्या टाकून मार न खाता घरी गेला. हा सतीश त्याच्या दोन वर्ग मागं होता, नाक त्याच्याच सदऱ्याला पुसायचा! आणि बाप? बापाचं नाव कुठं गेलं? सतीश शालीची घडी मोडत होता. ड्रोन खाली आला. शाल खांद्यावर पडली. "आता साहेब आपल्याला मराठीतून दोन शब्द सांगतील. चुकलं माकलं तर सांभाळून घ्या."

माईक हातात आला, आणि योरीसनं दोन शब्द सांगितले नाहीत. त्यानं झडती टाकली.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. झडती म्हणजे पोळ्यातली यमकात घातलेली शिवी. तोरण तुटायच्या आधी रांगेतला एक जण दुसऱ्याला झडती मारतो, खालून सारे महादेवाचा गजर करतात, आणि ज्याला लागली तो उलट झडती मारतो. मागं हटायचं नाही, रागवायचं नाही. जगदेव यात पट्टीचा. त्याच्या बाजूला उभं राहून योरीसनं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पण स्वतः कधी टाकली नव्हती, कारण त्याच्यावर कधी कोणी टाकलीच नव्हती.

"खुर्ची रे खुर्ची, प्लास्टिकची खुर्ची,
सतीशभाऊच्या भाषणाले तोंडी लावा मिरची!
बैल आणले भाड्यानं, झूल आणली उधार,
शेण काढाले सांगतलं तं आला त्याले बुखार!
हर बोला हर हर महादेव!"

योरीस वाट बघत राहिला. आता गजर होईल. आता खालून कोणीतरी उठेल आणि त्याला सोलून काढेल.

टाळ्या पडल्या.

साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या, मोबाईल वर झाले, कोणीतरी म्हणालं, "वा! पाह्य कसा गोड बोलते!" आणि सतीश, ज्याच्या तोंडाला काळं लागायला हवं होतं, तो सगळे दात काढून माईकवर म्हणाला, "बघा, बघा! विदेशी पाहुण्यानं आपली झडती म्हटली! जोरदार टाळ्या!"

अरे काय माणसं आहेत! शिवीला टाळ्या! कुत्रंसुद्धा दगड मारला तर गुरगुरतं. झडतीला टाळ्या वाजवणं म्हणजे, तू बोललास ते आम्हाला काही लागत नाही, तू आमच्यातला नाहीस, तू आपला खेळ दाखव, असं तोंडावर सांगणं. जेवून दाखव म्हणणारे चुलतभाऊ आणि हे, यांच्यात काय फरक राहिला? योरीस माईक धरून उभा होता, शाल खांद्यावरून घसरत होती, आणि या माणसाला एकदम वाटलं की पंचेचाळीस वर्षं आपण नुसते चहा पीत बसलो होतो. कोतवालानं दोर हातात घेतला होता. सतीशचा गडी चौथ्या जागेवरून अर्धं पाऊल पुढं सरकला. शालिकराम कासरा धरून गोंधळल्यासारखा इकडंतिकडं बघत होता. आणि योरीसचे पाय जागचे हलेनात. कशासाठी हलायचं? पाहुण्याला रांगेत जागा कशाला लागते?

तेवढ्यात ओट्यावर ताट आदळल्याचा आवाज झाला.

बाया झडती म्हणत नाहीत. मोहखेड्यात तरी कधी कोणी म्हटली नव्हती. पण गोजराबाईनं कोणाला विचारून काय केलं होतं आयुष्यात? ती कमरेवर हात ठेवून ओट्याच्या टोकाला आली. तिला माईक लागला नाही.

"बापानं खांदली बोर, निंगाला निरा फुफाटा,
पोरानं पाह्यली खुर्ची अन् भुलला घरच्या वाटा!
शाल घेतली खांद्यावर, कासरा देल्ला लोकाले,
असा कसा रे योऱ्या तुले बैल भेटला हाकाले!
हर बोला हर हर महादेव!"

बोअर! चाळीस-पन्नास वर्षं जे नाव कोणी काढलं नाही, ते म्हातारीनं साऱ्या गावासमोर, खुद्द त्या बोअरवर उभ्या असलेल्या पोराच्या तोंडावर फेकलं होतं. बापाचं नाव आखरावर घेतलं जावं म्हणून हा स्टेजवर चढला होता. घ्या, घेतलं.

योरीसचं तोंड लाल झालं. मग त्याच्या छातीतून काहीतरी वर आलं, आणि गावाला वाटलं हा रडतो आहे. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पोट धरून, बापाच्या कोरड्या बोअरवर, मोठमोठ्यानं हसत होता. "हर हर महादेव!" तो स्वतःच ओरडला, माईक सतीशच्या हातात कोंबला आणि स्टेजवरून उडी मारली.

मग कुठं गावाची दातखीळ सुटली. शालिकरामनं त्याचं टमाट्यासारखं लाल तोंड पाहिलं आणि तो जवळ येईपर्यंतसुद्धा दम धरला नाही.

"तोंड होते उन्हानं याचं पिकलं भेदर,
अंजूवहिनी बोलली का डोक्यावरून चादर!"

"हर बोला!" करून आखर गरजला. अंजू ओट्यावरून ओरडली, "खरं हाये, खरं हाये!" मागून कोणी त्याच्या पंक्चरच्या दुकानावर टाकली, कोणी त्याच्या सासऱ्यानं वावर विचारलं होतं त्यावर. इतकी वर्षं गावानं किती साठवून ठेवलं होतं! टाळी एकाचीही वाजली नाही. योरीस माणसांतून, शेणातून, शिव्यांतून वाट काढत तिसऱ्या जागेवर पोचला आणि त्यानं शालिकरामच्या हातातून कासरा हिसकावला.

"हे चालत नाई!" सतीश भोंग्यावरून ओरडला. "साहेब, तुमी आमचे पाहुणे हा!"

"पाहुणा असन तुहा बाप!" गोजराबाई म्हणाली. "थो योऱ्या हाये. तोड रे तोरण."

कोतवालानं दोर ओढला. तोरण तुटलं. योरीसनं लाल्याचं झापड काढलं, मग मुंग्याचं. बैलांनी डोळे मिचकावले आणि डोळ्यांसमोर आलेल्या गर्दीकडं बघत उभे राहिले. त्याच क्षणी भाड्याची जोडी डीजेला आणि गोंधळाला पुरती कंटाळली, गड्याला हिसका देऊन रांग सोडून निघाली आणि सतीशच्या बॅनरमधून आरपार ओढ्याकडं गेली. ड्रोननं ते सारं टिपलं. जिल्ह्यात दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांनी पाहिलं, फक्त ते टाकणारा सतीश नव्हता.

योरीसच्या खांद्यावर शाल तशीच लोंबत होती. त्यानं ती काढली, झटकली आणि मुंग्याच्या पाठीवर झुलीवरून टाकली. मुंग्यानं अंग झटकून ती पायाखाली पाडली, शेपूट वर केलं आणि ओली केली.

गोजराबाई ताट घेऊन आली. बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणाची पोळी दोघांना अर्धी अर्धी भरवली. योरीसकडं बघितलंसुद्धा नाही. तो तिच्या पाया पडायला वाकला, तेव्हा म्हणाली, "सरक. बैलाच्या आडवा येऊन राह्यला. अन् मागच्या खेपेचं तेल कडवट होतं, उद्या पाह्यतो तुले."

तेल कडवट नव्हतं. तरी तो बाजूला सरकला.

मग जोड्या गावातून निघाल्या, घरोघरी. दारोदारी बाया ओवाळत होत्या, आणि घाणेवाल्याची जोडी दिसली की ओसरीवरून कोणी ना कोणी ओरडत होतं, "योऱ्या, बोर पाहून चाल बे!" वेशीपासून घरापर्यंत गाव त्याला आणखी जे जे बोललं, ते काही इथं लिहिण्यासारखं नाही. घरी पोचेपर्यंत योरीसचा घसा उत्तरं देऊन देऊन बसला होता. अंजूनं दारात बैलांना ओवाळलं, त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "चहा ठेवू?"

"नको," तो म्हणाला. "पाणी दे. आपल्या बोअरचं."